बेटकुळी, नस आणि स्नायू

टोपलीनं कोळसा उचलून टब भरायचे दिवस होते, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळच्या राजूर कॉलरीतल्या लोडरची दुखणी ठरलेली असत. मान, खांदा, कंबर, पोटरी. पाळी संपवून वर आलेला माणूस डॉक्टरसमोर बसला की म्हणायचा, "कमरीत उसण भरली जी." दुसरा म्हणायचा, "पोटरीत गोया आला, रातभर झोप नाई." उत्तरेकडून आलेला कामगार खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "नस पर नस चढ़ गई." आदिलाबादकडचा असला तर म्हणायचा, "नरं पट्टेसिंदि." त्याचं 'नरं' म्हणजे आपली नसच. डॉक्टर ऐकून घ्यायचा आणि कागदावर इंग्रजीत मसलचं नाव लिहायचा.

स्नायू हा शब्द या बोलण्यात कुठेच नव्हता. राजूरच्या शाळेत मात्र होता. विज्ञानाच्या पुस्तकात ऐच्छिक स्नायू, अनैच्छिक स्नायू, हृदयाचे स्नायू असे तीन प्रकार पाठ करून मुलं घरी यायची, आणि घरात आजी वडिलांच्या पाठीला तेल लावत म्हणायची, "नस आखडली आहे." एकाच घरात एकाच मांसासाठी दोन शब्द, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. हे असं का झालं, याचा शोध घ्यायला गेलं की आपण खाणीच्या तोंडापासून थेट सुश्रुताच्या नदीकाठापर्यंत जाऊन पोचतो.

त्या नदीकाठापासूनच सुरुवात करतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत तपासण्याची रीत सांगितली आहे. निवडलेलं प्रेत मुंज, कुश अशा गवतात गुंडाळायचं, पिंजऱ्यात ठेवायचं आणि वाहत्या पाण्यात आडोशाच्या जागी सात रात्री कुजू द्यायचं. मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहत जायचं. सुरी चालवायची नाही, घासायचं. या रीतीनं पाहणाऱ्याला काय दिसेल, याचा जरा विचार करावा. मऊ मांस आधी सुटणार. मागे राहणार ते चिवट, पांढरं, दोरीसारखं. कदाचित म्हणूनच सुश्रुताच्या मोजदादीत पेशी ५०० आहेत आणि स्नायू ९००. हा माझा तर्क आहे, पण आकडे त्याचेच आहेत. पेशी म्हणजे मांसाचे गोळे, त्यांतले ४०० हातापायांत, ६६ धडात, ३४ मानेत आणि वर. स्नायू म्हणजे बांधणाऱ्या दोऱ्या, त्यांतल्या ६०० हातापायांत, २३० धडात, ७० मानेत आणि वर. शिवाय १६ कंडरा, म्हणजे जाड दोऱ्या, वेगळ्या. स्नायूंचे चार प्रकारही दिले आहेत: फाटे फुटलेले, गोल, पसरट आणि पोकळ.

सुश्रुतानं इथे नावेची उपमा वापरली आहे. फळ्या अनेक बंधांनी आवळलेल्या असल्या की नाव पाण्यावर भार पेलते, तसं सांध्यांत स्नायूंनी बांधलेलं शरीर भार पेलतं. तो पुढे असंही बजावतो की हाड, पेशी, शिरा किंवा सांधा दुखावला तर जितका घात होतो, त्याहून जास्त घात स्नायू दुखावल्यानं होतो. कंबर धरलेल्या खाण कामगाराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे सुश्रुताच्या भाषेत मांस ती पेशी आणि बंध तो स्नायू. आजच्या मराठीत मांस तो स्नायू, बंध तो अस्थिबंध, आणि पेशी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा शरीराचा सर्वांत लहान घटक. दोन्ही शब्द आपापल्या घरातून उठून भलत्याच घरात राहायला गेले आहेत. महाराष्ट्रातला आयुर्वेदाचा विद्यार्थी आजही पहिल्या वर्षी हा गोंधळ अंगावर घेतो. दहावीपर्यंत पेशी म्हणजे जे शिकला, ते संहिता उघडताच विसरावं लागतं.

एखाद्या शब्दानं असं घर बदलणं ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. ग्रीकांचा न्यूरॉन हा शब्द मुळात चिवट दोरीचाच. धनुष्याची दोरी, सांध्याचा बंध, टाचेची शीर, सगळ्यांना तोच शब्द. ॲरिस्टॉटलच्या लिखाणातही न्यूरॉन म्हणजे बंध. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षं, अलेक्झांड्रियात हिरोफिलस प्रेतं चिरून पाहू लागला, तेव्हा कुठे संवेदना नेणाऱ्या तंतूंना बंधांपासून वेगळं ओळखायला सुरुवात झाली. वेगळी ओळख पटली, पण नाव जुनंच राहिलं आणि हळूहळू बंधाकडून तंतूकडे सरकलं. संस्कृतातले स्नावन् आणि स्नायु हे शब्द ग्रीक न्यूरॉनच्या आणि लॅटिन नर्व्हसच्या भावकीतले आहेत. भाषाशास्त्रज्ञांनी हे नातं केव्हाच लावून दिलं आहे. हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी टोळीत शिकारीच्या अंगातली चिवट दोरी काढून तिनं कातडं शिवत असतील, आणि त्या दोरीला जे म्हणत असतील, त्याचीच ही पोरंबाळं.

ती पोरं कुठे कुठे गेली ते पाहण्यासारखं आहे. बंगालीत स्नायु म्हणजे संवेदना नेणारा तंतू. हिंदीच्या वैद्यकीय परिभाषेत स्नायु म्हणजे सांध्याचा बंध, आणि मांसाला मांसपेशी. मराठीत स्नायू म्हणजे मांस. गुजरातीत आणि कन्नडमध्येही मांसच. एकच संस्कृत शब्द देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना तीन वेगळ्या अवयवांचं नाव होतो.

मग राजूरच्या लोडरची नस काय वेगळं करते? शीर, बंध, संवेदनेचा तंतू, आखडलेल्या मांसाची दोरी, या सगळ्यांना ती एकच हाक मारते. हिरोफिलसच्या आधी न्यूरॉन जे करत होता तेच. या माणसाला अडाणी म्हणणं मला पटत नाही. ज्यानं शरीर आतून चिरून पाहिलेलं नाही, फक्त कातडीवरून बोटांनी चाचपलं आहे, त्याच्या बोटांना जे लागतं त्याचं हे प्रामाणिक नाव आहे. बोटांखाली ताठ दोरीच लागते.

आणि जिथे डोळ्यांना दिसतं तिथे बोली अगदी नेमकी आहे. दंड वाकवून मूठ आवळली की वर उसळतो तो गोळा. त्याला मराठी माणूस बेटकुळी म्हणतो. लहानपणी घरातला कुणी तरुण काका किंवा मामा सदऱ्याची बाही वर सारून "बघ बेटकुळी" म्हणायचा, आणि आपण बोटानं दाबून पाहायचो. कातडीखाली बेडूक बसला आहे आणि उडी मारतो आहे, ही ती कल्पना. रोमन माणसाला त्याच जागी उंदीर दिसला. मसल हा शब्द लॅटिन मुस्कुलुसवरून आला, आणि मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर. पाणथळ शेताच्या देशात बेडूक, धान्याच्या कोठारांच्या देशात उंदीर, असं मी मनाशी म्हणतो. पाहण्याची रीत मात्र एकच. कातडीखाली काहीतरी जिवंत धावतं.

पोटरीचंही तसंच. इंग्रजी वैद्यकात पोटरीच्या मुख्य मांसाचं नाव गॅस्ट्रोक्नेमियस. ग्रीकात त्याचा अर्थ पायाचं पोट. पोटरी म्हणताना मराठी माणसाच्या तोंडातही पोटच येतं. वऱ्हाडात ज्वारीचं कणीस बाहेर पडण्याआधी ताटाचा वरचा भाग फुगतो, तेव्हा ज्वारी पोटऱ्यावर आली म्हणतात. पायाची पोटरी आणि ज्वारीची पोटरी शेजारी ठेवून पाहिली की या शब्दाचा आकार डोळ्यांपुढे येतो. ग्रीक वैद्यानं जे पाहिलं ते वणी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं स्वतंत्रपणे पाहिलं होतं.

युरोपातही मसलना नावं मिळायला वेळ लागला. प्राचीन वैद्य गेलेननं आणि १५४३ साली छापलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथात वेसॅलियसनंसुद्धा बहुतेक मसलना आकडेच दिले होते: अमुक सांधा हलवणारी पहिली, दुसरी, तिसरी. सोळाव्या शतकात पॅरिसच्या सिल्व्हियसनं नावं द्यायला सुरुवात केली. १७३४ साली लायडनच्या आल्बिनसनं माणसाच्या मसलवर स्वतंत्र ग्रंथ काढला. नावं कशी पडली? कुठे आकारावरून, कुठे कामावरून, कुठे डोकी मोजून. मांडीवरून तिरप्या जाणाऱ्या लांब मसलला शिंप्याचं नाव मिळालं, कारण शिंपी मांडी घालून बसतो तेव्हा ती कामाला लागते. पुढे प्रत्येक देशाचा शरीरशास्त्रज्ञ आपापलं नाव देऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शरीराच्या अवयवांची सुमारे ५० हजार नावं चलनात होती. १८९५ साली बाझेलला जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी ती चाळून सुमारे ५ हजारांवर आणली. म्हणजे मुंबईत आणि कलकत्त्यात देशी भाषांत शरीर शिकवण्याची धडपड सुरू झाली, तेव्हा ज्या इंग्रजी पुस्तकांवरून भाषांतर करायचं, त्यांतच नावांचा मेळ नव्हता. आपल्याकडच्या पहिल्या भाषांतरकारांवर रागावण्याआधी हे ध्यानात ठेवायला हवं.

कलकत्त्यात १८२२ साली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी संस्था निघाली. तिच्या पीटर ब्रेटननं १८२५ मध्ये शरीराच्या भागांच्या नावांचा एक संग्रह छापला. त्यात इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी आणि संस्कृत शब्द शेजारी शेजारी होते. भारतात छापलेल्या अशा पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. १८३५ मध्ये ती संस्था बंद झाली आणि इंग्रजी माध्यमाचं मेडिकल कॉलेज उभं राहिलं. तिथेच १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त या वैद्यानं प्रेत चिरलं आणि गाजला. त्याचं दुसरं काम कमी लोकांना ठाऊक आहे. हूपरच्या शरीरशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकाचं त्यानं संस्कृतात भाषांतर केलं होतं. ज्या हातानं सुरी धरली, त्याच हातानं शब्द शोधले.

मुंबईत १८२६ साली जॉन मॅक्लेनन या सर्जनच्या हाताखाली देशी वैद्यकशाळा सुरू झाली. तीही देशी भाषांतून शिकवण्यासाठी. सहा वर्षांत, १८३२ मध्ये, ती बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं ते इंग्रजी घेऊनच. भाऊ दाजी लाड त्याच्या पहिल्या पदवीधरांतले. पण दवाखान्यांना नुसते पदवीधर पुरेनात. मलमपट्टी करणारा, हाड बसवणारा, गावोगाव फिरणारा मदतनीस हवा होता, आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून १८६१ साली त्याच कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले.

या वर्गांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंग्रजीत शिकलेल्या तरुण डॉक्टरांना अचानक मातृभाषेत शरीर शिकवायचं होतं. समोर प्रेत, हातात इंग्रजी पुस्तक, आणि तोंडात येईल तो शब्द. याच पिढीतले सखाराम अर्जुन राऊत यांनी मराठीत वैद्यकावर पुस्तकं लिहिली. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही ते होते. मराठी आणि गुजराती वर्ग एकाच आवारात भरत होते. आणि आज स्नायू म्हणजे मांस, हा अर्थ मराठीत आहे, गुजरातीत आहे, आणि ज्या भाषेच्या मुलखाचा उत्तर भाग त्याच मुंबई इलाख्यात होता त्या कन्नडमध्येही आहे. बंगालमध्ये नाही, हिंदी पट्ट्यात नाही. स्नायूनं आपलं घर बदललं ते मुंबई इलाख्याच्या या वर्गांत आणि पुस्तकांत, अशी माझी समजूत झाली आहे. लेखी पुरावा माझ्या हाती नाही, पण तीन भाषांचं एकाच दिशेला पडलेलं हे पाऊल योगायोग वाटत नाही. स्नायू मांसावर जाऊन बसला तशी पेशी मोकळी झाली. आणि जेव्हा सूक्ष्मदर्शकातल्या त्या लहान घटकाला नाव हवं झालं, तेव्हा ती रिकामी सापडली.

पुढे पुण्यात आणि अहमदाबादला भैरामजी जीजीभाय यांच्या नावाच्या वैद्यकशाळा निघाल्या. विसाव्या शतकात त्यांचंही माध्यम इंग्रजीच झालं. मराठीतून प्रेत चिरण्याचा काळ संपला.

या सगळ्या काळात राजूर कुठे होतं? मुंबई इलाख्यात नव्हतंच. १८५३ साली निझामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. वणीच्या नावानं तेव्हाचा वून जिल्हा होता, त्याला १९०५ साली यवतमाळ हे नाव मिळालं. पैनगंगेच्या पलीकडे निझामाचं राज्य पुढेही चालू राहिलं. १९१८ मध्ये तिथे उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं, आणि त्याच्या मेडिकल कॉलेजात वैद्यक उर्दूतून शिकवलं गेलं. तिथल्या विद्यार्थ्यासाठी मांस अरबी वळणाचं, अजला. म्हणजे नदीच्या एका काठावर अजला आणि दुसऱ्या काठावर, निदान पुस्तकात, स्नायू. नदी ओलांडून कामाला येणाऱ्या मजुराच्या तोंडी मात्र नरं.

वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर भूगर्भ खात्याच्या ह्यूज यांनी १८७७ मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. वरोऱ्याची खाण त्याआधीच चालू झाली होती. पुढे राजूरला खाण आली आणि कोळशासाठी माजरीहून रेल्वेचा फाटा आला. कोळशाच्या शेजारी चुनखडी, म्हणून चुन्याच्या भट्ट्या. दोन्ही धंदे अंगमेहनतीचे. छत्तीसगड, उत्तर प्रदेश, तेलंगण अशा ठिकठिकाणाहून माणसं आली आणि इथल्या वऱ्हाडी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्यांच्या शेजारी राहू लागली. खाणीत टिंबर मिस्त्रीचा खांदा वेगळा झिजतो, टब ढकलणाऱ्या ट्रॅमरची कंबर वेगळी, लोडरची मान वेगळी. एकाच पाळीत चार भाषांत नस चढते.

१९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात कोणत्या इजेला कमाईची किती ताकद गेली म्हणायचं, याचे आकडे आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के. हात खांद्यापासून गेला तर ९० टक्के. ते परिशिष्ट वाचताना एक गोष्ट खटकते. त्यात तुटलेलं आहे, छाटलेलं आहे, डोळा आहे, कान आहे. हाडाच्या मापानं शरीर मोजलं आहे. वीस वर्षं टोपली वाहून गेलेली मान त्यात नाही. परिशिष्टाबाहेरच्या इजेचा निर्णय व्हायचा तर डॉक्टरनं लिहून द्यायला हवं, आणि डॉक्टरनं लिहायचं तर दुखण्याला नाव हवं. "उसण भरली" हे नाव फायलीत चालत नाही. शब्द कुणाचा चालतो आणि कुणाचा नाही, याचा हिशेब अशा जागी पैशांत होतो. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ पासून नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स आली, दवाखाने आले. कागदावरची भाषा इंग्रजीच राहिली. नागपुरात १९१४ पासून रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं, १९४७ पासून मेडिकल कॉलेज. विदर्भातल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या तिथेच घडल्या, आणि त्या सगळ्या इंग्रजीतून शरीर शिकल्या.

दुसरीकडे संस्कृताच्या अंगानं एक मोठं काम उभं राहत होतं. १९१३ च्या सुमारास कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन यांनी 'प्रत्यक्षशारीरम्' हा ग्रंथ काढला. आधुनिक शरीरशास्त्र पूर्ण संस्कृतात. त्यांनी पेशीला पुन्हा मांसावर बसवलं आणि एकेका मसलला नाव दिलं. खांद्यावरची ती अंसच्छदा, पाठीवरची पृष्ठच्छदा, छातीवरची उरश्छदा, छाती आणि पोट यांमधला पडदा तो महाप्राचीरा. ही नावं वाचताना मी थांबतो. अंसावर आच्छादन घालणारी ती अंसच्छदा. खांद्यावर घोंगडी टाकलेला गुराखीच डोळ्यांपुढे येतो. महाप्राचीरा म्हणजे मोठी भिंत. या माणसानं नुसती भाषांतरं केली नाहीत, शरीराकडे कवीच्या डोळ्यांनी पाहिलं. महाराष्ट्रात शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आयुर्वेद मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचलं, १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांची परिषद भरवली. बनारसच्या हिंदू विद्यापीठात शिकवणारे मराठी डॉक्टर भास्कर गोविंद घाणेकर यांनी सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदीत टीका लिहिली. जुना शब्द आणि नवं शरीर यांचा मेळ घालताना त्यांनी जे कष्ट घेतले, ते त्या टीकेच्या पानापानांवर दिसतात.

व्यायामाच्या बाजूनंही शब्द येत होते. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९१४ पासून विदर्भातल्या तरुणांची शरीरं घडवली. तालमीतल्या माणसाला छाती, दंड, मांडी, पिंढरी यांची ओळख आरशात आणि लाल मातीत होते. परिभाषा घडवणाऱ्यांनी या मातीकडे अधिक पाहायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

१९४८ मध्ये यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश पुण्यात निघाला. त्याच सुमारास डॉ. रघुवीर लाहोरहून नागपुरात आले होते आणि मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारसाठी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या आधारानं हजारो शब्द घडवत होते. राजूर तेव्हा त्याच प्रांतात. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं. संचालनालयानं पुढे शारीर परिभाषा कोशही काढला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या विश्वकोशानं सूक्ष्म घटकासाठी कोशिका हा शब्द धरला आणि वाचकाला वाट सापडावी म्हणून कंसात पेशी लिहिली. मांसासाठी मात्र स्नायूच. मुंबईच्या वर्गांतली सवय तोवर इतकी मुरली होती की ती बदलणं कुणालाच शक्य नव्हतं. बदलू नये हाही शहाणपणाच होता.

मग कोणते शब्द जगले? दंडाच्या बेटकुळीला कोशात द्विशिरस्क स्नायू म्हणतात, म्हणजे दोन डोक्यांचा. लॅटिनातही तोच अर्थ आहे, भाषांतर अचूक आहे. पण व्यायामशाळेत जाणारं राजूरचं पोरगं बायसेप म्हणतं आणि त्याचे वडील बेटकुळी म्हणतात. द्विशिरस्क दोघांच्याही दाराशी आला नाही. महाप्राचीरा शाळेत आली नाही, तिथे श्वासपटल आलं, आणि ते मुलांना कळतं. ऐच्छिक आणि अनैच्छिक हे शब्द शाळेमुळे घराघरांत गेले. बंधाला अस्थिबंध, मांसाच्या टोकाच्या दोरीला स्नायुरज्जू, हेही शाळेपुरते टिकले. सर्वांत दूर गेली ती पेशी. डेंग्यूच्या साथीत वणीच्या दवाखान्याबाहेर बसलेली बाई सांगते, "पोराच्या पेशी कमी झाल्या." प्लेटलेट म्हणा, पांढऱ्या रक्तपेशी म्हणा, तिला भीती कशाची आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे. सुश्रुताचा मांसाचा गोळा इतका लहान होऊन रक्ताच्या थेंबात पोचला, आणि तिथे त्याला लोकांनी आपलं म्हटलं.

गंमत अशी की न्यूरॉनला आज शाळेच्या पुस्तकात चेतापेशी म्हणतात. म्हणजे ग्रीक भावकीतला जो स्नायूचा चुलत भाऊ, त्याला आपण सुश्रुताच्या मांसाचं नाव दिलं, आणि मांसाला त्या भावाच्या घरचं. मांसाच्या सूक्ष्म घटकाला स्नायुपेशी म्हणायचं, तर जुन्या अर्थानं तो बंध-मांस होतो. एवढं सगळं उलटं होऊनही आठवीतल्या मुलीला काही अडत नाही. ती चेतापेशीचं चित्र काढते, नावं देते आणि पुढच्या धड्याला लागते. शब्द ज्यांच्या रोजच्या वापरात असतो, त्यांच्यापुरता तो बरोबर असतो.

२०२२ मध्ये मध्य प्रदेशानं वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत आणली. त्यांत अवयवांची पारिभाषिक नावं बहुतेक इंग्रजीच, फक्त देवनागरीत लिहिलेली. मराठीत असं काही करायचं झालं तर हाच प्रश्न पुन्हा समोर येईल, आणि त्या वेळी खोलीत कोण बसलेलं असेल यावर उत्तर ठरेल. १८६१ च्या वर्गात मदतनीस बसला होता, म्हणून पुस्तक त्याच्या भाषेत झालं. कोशांच्या समित्यांत संस्कृत पंडित आणि डॉक्टर बसले, म्हणून द्विशिरस्क झाला. लोडर, हाड बसवणारा, तालमीतला वस्ताद, बाळंतिणीला शेक देणारी सुईण, यांना कधी कुणी बोलावलं नाही. त्यांच्याकडे उसण, करक, चमक, लचक, गोळा, वांब असे शब्द आहेत. मांस अचानक आखडतं ते वेगळं, हळूहळू भरून येतं ते वेगळं, हलताना टोचतं ते वेगळं. इंग्रजी कागदावर हे सगळे प्रकार एका पेन या शब्दात जातात, आणि डॉक्टरला पुन्हा विचारावं लागतं, "कसं दुखतं? टोचतं का, ओढतं का?" तोच प्रश्न मराठी शब्दानं आधीच सोडवलेला असतो.

राजूरच्या एखाद्या ओसरीवर आजही खाणीतून निवृत्त झालेला म्हातारा नातवाला मांडीवर घेऊन बसलेला दिसतो. दंड सैल पडलेला, कातडी लोंबती. नातू हट्ट करतो. म्हातारा मूठ आवळतो, कोपर वाकवतो, दात ओठांवर रोवतो. कातडीखाली काहीतरी हळूच वर येतं, क्षणभर थांबतं आणि परत बसतं. नातू बोट लावून ओरडतो, "उडली आबा, बेटकुळी उडली!"